ठोक्याच्या चाळीस खेपा

बांध फुटला तो भर दुपारी, उधाणाच्या भरतीला. आषाढातली अवस होऊन एकच दिवस झाला होता. शेवंती आपल्या दीड एकराच्या तुकड्यात वाकून, मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपं खोचत होती. लावणी होऊन आठ दिवस झाले तरी तिची पाठ अजून सरळ होत नव्हती. घोट्याशी पाणी हललं म्हणून तिनं खाली पाहिलं. शेतातलं पाणी एरवी खाडीकडं सरकायचं, आता ते उलटं गावाकडं सरकत होतं. तिनं ओंजळ भरून जिभेला लावली आणि थू करून थुंकली.

"बांद गेला रं ऽऽ! बांद गेला!" ती ओरडली आणि लुगडं गुडघ्याच्या वर खोचून धावत सुटली.

बांधावर पोचली तेव्हा बाबाजी पाटील तिच्याआधी येऊन उभे होते. सत्तरी उलटलेला माणूस. मुर्धा गावच्या खारीचा, खाडीकाठच्या भातजमिनीचा बांध त्यांच्या बापानं सांभाळला होता, आता ते सांभाळत होते. त्यांच्या हातातला बांबू त्यांनी फुटलेल्या जागी सोडून पाहिला. तळ लागला तेव्हा ते म्हणाले, "चौदा हात रुंद हाय. पुरुषभर खोल."

खाडी आणि भातशेती यांच्या मधे मातीचा हा एवढाच बांध. बांध आहे तोवर भात. बांध गेला आणि दोन हंगाम खारं पाणी आत खेळलं की तिवरांची झाडं उगवतात, आणि तिवरं उभी राहिली की त्या जमिनीत पुन्हा नांगर घालायचा नसतो. शेवंतीनं पलीकडची अर्धी खार अशीच जाताना पाहिली होती. तिचं सासर नांदलं ते या दीड एकरावर.

"आता भांगाचे दिवस येतील," बाबाजी म्हणाले. "भरती बारीक व्हयल, पानी उतरंल. पाऊस हाय तवर आतला खार धुऊन जायल. पन पुढं नारली पुनव हाय, शेवंते. ते उधान आत आयलं तर एक रोप हुभा राह्याचा न्हाय."

नारळी पुनवेला तेरा दिवस उरले होते.

पूर्वी बांध फुटला की चाळीस घरांतून माणसं फावडी-घमेली घेऊन यायची. यंदा दुसऱ्या दिवशी अकरा माणसं आली. काहींनी जमिनी विकायचं ठरवून टाकलं होतं, काहींची मुलं मिरा रोडला नोकऱ्या करत होती आणि भात विकत घेत होती. अकरा माणसांनी दिवसभर डोक्यावरून माती टाकली आणि रात्रीच्या भरतीनं ती सहज नेली. टेकडीच्या पायथ्याची घट्ट तांबडी माती आणि दगड हवे होते. ते दीड मैलावर.

शेवंतीचा मुलगा निकेत मिरा रोडला, पूनम सागरमधल्या केबलच्या ऑफिसात होता. त्यानं कुठून कुठून फोन करून एक जेसीबी मिळवला. पिवळं धूड बांधाच्या तोंडाशी येऊन उभं राहिलं. ऑपरेटर खाली उतरला, वीस पावलं बांधावर चालला, टाच आत रुतली तशी परत फिरला.

"मांजी, ये रोड नहीं है, कीचड़ है," तो शेवंतीला म्हणाला. "मेरा मशीन आठ टन का है. बांध भी जाएगा, मशीन भी."

जाताना त्याच्या पुढच्या चाकाखाली बांधाचा हातभर कोपरा ढासळला, तो वेगळाच. निकेत मोबाइल हातात धरून नुसता उभा राहिला.

बांधाला झेपेल अशी एकच गाडी गावात होती. ती होती शेवंतीच्या दारात: एक लहानसा जुना ट्रॅक्टर.

शेवंतीच्या नवऱ्यानं, राघोनं, ती सत्त्याहत्तर साली वसईकडच्या एका केळीच्या वाडीतून आणली होती. तेव्हाच ती म्हातारी होती. बोनेटवरचं कंपनीचं नाव कधीच गळून पडलं होतं, आणि रंग नेमका कोणता होता यावर राघो आणि बाबाजी यांचं अजून एकमत नव्हतं. दोनच सिलिंडरं, त्यामुळे चालताना ठोक ठोक, ठोक ठोक असा आवाज. गावानं नाव ठेवलं ठोक्या. सगळ्या मुर्ध्याची नांगरट या ठोक्यानं केली होती. मिठागरातलं मीठ ओढलं, लग्नाची वऱ्हाडं उत्तनपर्यंत नेली, गावाचा गणपती दर वर्षी खाडीवर पोचवला.

आणि ठोक्याच्या खोडी काय सांगाव्यात! दुसरा गिअर आपोआप सुटायचा, म्हणून चालवणाऱ्यानं तो उजव्या गुडघ्यानं दाबून धरायचा. स्टेअरिंगला पाव चक्कर नुसता खेळ होता. वळण यायच्या आधीच फिरवायला सुरुवात करावी लागे. डावा ब्रेक नावापुरता, उजवा इतका कडक की जोरात दाबला तर गाडी उजवीकडं झेप घेई. रेडिएटर पाझरायला लागला की राघो घरात येऊन हळदीचा डबा उचलून न्यायचा आणि मूठभर हळद पाण्यात सोडायचा. पाझर बंद व्हायचा आणि शेवंतीच्या कालवणाला हळद उरायची नाही. डिझेलची टाकी गळाली की कपडे धुवायच्या साबणाची वडी घासून भेगेत भरायची. "या गारीला तू घरात सून म्हनून घेटलीस," असं ती वैतागून म्हणायची, "आनि मना मोलकरीन."

पण आता राघो ओट्यावर खुर्ची टाकून बसलेला होता. तीन आठवड्यांपूर्वी चिखलात पाय घसरून डावा पाय मोडला होता, मांडीपर्यंत प्लास्टर. डावा पाय म्हणजे क्लचचा पाय. ठोक्या त्याच्या डोळ्यांसमोर आंब्याखाली उभा होता आणि तो दिवसभर त्याच्याकडं पाहत बसायचा.

बाबाजींनी भाईंदरहून एक ड्रायव्हर बोलावला. पाण्याच्या टँकरचा ट्रॅक्टर चालवणारा, चांगला तयार माणूस. तो सीटवर चढला, सीटवरचं गोणपाट नाक मुरडून खाली टाकलं आणि गाडी चालू करून रस्त्याला लावली. शाळेपर्यंत गेला आणि दुसरा गिअर खाडकन सुटला. त्यानं पुन्हा टाकला, पुन्हा सुटला. वळणावर त्यानं स्टेअरिंग वेळेवर फिरवलं, म्हणजे ठोक्याच्या हिशेबानं उशिरा, आणि गाडी गटाराच्या काठावर जाऊन थांबली. परत आल्यावर तो ओट्यासमोर उभा राहून सगळ्यांसमक्ष हसला.

"काका, हे भंगारवाल्याला द्या. हे घेऊन मी बांधावर जाणार नाही. मला बायको-पोरं आहेत."

 राघोनं प्लास्टरवरची माशी हाकलली. एरवी ठोक्याला कुणी नाव ठेवलं तर भांडायला उठणारा माणूस. शेवंती दारात उभी होती. नवऱ्याची मान खाली गेलेली तिनं त्याच्या बापाच्या मयताखेरीज कधी पाहिली नव्हती.

ती ओट्यावरून उतरली, खाली पडलेलं गोणपाट उचलून झटकलं आणि परत सीटवर नीट घातलं.

"मी चालवतंय," ती म्हणाली.

निकेत हसला. "आई, काय बोलतेयस तू!"

"काय बोलतंय? पेंढा भरताना कोन चालवतं? तुजा बापूस खाली उतरून पेंढ्या फेकतो तवा स्टेअरिंग कोनाच्या हातात असतं?"

हे खरं होतं. सव्वीस वर्षं दर हंगामात ती पहिल्या गिअरात गाडी मुंगीच्या पावलानं शेतातून काढायची. बाकीचा वेळ ती मडगार्डवर बसून असायची, मांडीवर भाकरीचं फडकं धरून.

"शेतात येगला, बांदावर येगला," बाबाजी म्हणाले. "एका बाजूला खाडी हाय, शेवंते. बाईमान्साचा काम न्हाय ते."

"मंग बाप्यामान्साला सांगा. आत्ता गेला तो बाप्याच व्हता."

 सगळे राघोकडं बघायला लागले. राघो बराच वेळ अंगठ्यानं खुर्चीचा दांडा खरवडत राहिला. मग वर न बघता म्हणाला, "दुसऱ्या गिअरला गुरघा लाव."

"म्हाईत हाय."

"उजवा ब्रेक हलू दाब."

"म्हाईत हाय मना."

"मंग माजा काय काम?"

"तुमी पाठी ट्रॉलीत बसा. मना पाठचा दिसत न्हाय."

राघोनं मान वर केली ती तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकेत आणि आणखी दोघांनी राघोला खुर्चीसकट उचलून ट्रॉलीत ठेवला. प्लास्टर भिजू नये म्हणून शेवंतीनं त्यावर खताची प्लॅस्टिकची पिशवी चढवून सुतळीनं बांधली. ठोक्याची बॅटरी पार मेलेली, एरवी त्याला उतारावरून लोटून चालू करत. निकेतनं एका ओळखीच्या ट्रकवाल्याची बॅटरी रिक्षात घालून आणली होती आणि तो ती जोडत बसला. वायरी घट्ट करून झाल्यावर म्हणाला, "आई, मी दोन दिवस सुट्टी टाकलीय."

शेवंतीनं लुगड्याचा काष्टा पक्का कसला, ठोक्याच्या पायरीवर पाय ठेवला आणि चढली. लोखंडी सीट पावसानं गार पडली होती. बटण दाबलं. एकदा कण्हल्यासारखा आवाज, मग काळा धूर, मग ठोक ठोक, ठोक ठोक.

रस्त्यावरून उत्तनची बस चालली होती. खिडक्यांतून माणसं वाकून बघायला लागली. एक टेम्पोवाला हॉर्न वाजवून काहीतरी ओरडला. शेवंतीचं लक्ष नव्हतं. वळण येण्याच्या दहा पावलं आधी ती स्टेअरिंग फिरवायला लागली, आणि वळण आलं तेव्हा ठोक्या मुकाट वळला. पाठी ट्रॉलीतून राघो ओरडला, "आस्सं!"

माती भरली ती अर्धी ट्रॉली. त्यापेक्षा जास्त वजन बांधाला सोसलं नसतं. तिनं गाडी बांधावर चढवली. डाव्या हाताला भात, उजव्या हाताला खाडीचा काळा गाळ, आणि दोन्हीकडं चाकापासून जेमतेम वीतभर माती. बांध चाकाखाली मऊ दबत होता. सुदैवानं फुटलेल्या जागेच्या चाळीस पावलं अलीकडं जुन्या मिठाच्या राशींची रुंद जागा होती. तिथं गाडी वळवायची आणि ट्रॉली मागं ढकलत शेवटची चाळीस पावलं उलटी जायची. हेच अवघड होतं.

ट्रॉली मागं लोटताना सगळं उलटं चालतं. शेपूट उजवीकडं हवं तर तोंड उजवीकडं न्यायचं नाही. शेवंतीनं तोंड डावीकडं नेलं, जरा जास्तच नेलं, आणि ट्रॉलीचं चाक खाडीच्या बाजूला काठावर गेलं. मातीचं ढेकूळ सुटून खाली गाळात पडलं.

"थांब! थांब गो!" राघो खुर्चीला धरून ओरडला.

ती पुढं आली आणि पुन्हा मागं गेली. या खेपेला ट्रॉली भाताच्या बाजूला तिरकी झाली. राघो वरून हात हलवत होता, "उजवा, उजवा! अगो तुजा उजवा, माजा न्हाय!" खाली बाबाजी वेगळंच सांगत होते. माती पसरायला आलेले लोक फावड्यांवर हनुवटी टेकून बघत होते. त्यांत शेजारची हंसा होती, तिनं तोंडाला पदर लावला होता. हसत होती.

"उतर खाली, शेवंते," बाबाजी म्हणाले. "हट्ट पुरे झाला. नवऱ्याला घेऊन खाडीत जायशील."

ती उतरली. तिनं मडक्यातलं पाणी घेतलं आणि उभ्यानं प्यायली. तोंडावर पाण्याचा हात फिरवला. तिच्या मनात आलं, आपण गोठ्यातून म्हशीला मागं काढतो ती कशी? शिंगाला धरून जोर लावला तर ती आडवी होते. जरा लोटायचं, थांबायचं, ती आपलं अंग सावरते, मग पुन्हा जरा लोटायचं. आपण नुसता जोर लावतोय.

ती परत चढली.

"आता कोनी बोलू नका," ती म्हणाली. मग मागं वळून राघोला म्हणाली, "तुमीपन."

स्टेअरिंग जरासं, वीतभर. थांबली. ट्रॉलीचं शेपूट कुठं जातंय ते पाहिलं. पुन्हा वीतभर. थांबली. चाळीस पावलांना पाव तास लागला. ट्रॉलीची मागची फळी फुटलेल्या काठावर सरळ येऊन थांबली. बाबाजींनी स्वतः पुढं होऊन फळी उघडली आणि पहिली फावडंभर माती खाली ओढली.

त्या दिवशी चार खेपा झाल्या. दुसऱ्या दिवशी सहा.

सकाळची भाकरी भाजून, म्हशीचं आवरून शेवंती आठला सीटवर असायची. भांगाचे दिवस, दुपारी ओहोटी असायची, तेवढ्यात काम उरकावं लागे. बाबाजींनी फुटलेल्या जागी दोन्ही बाजूंनी बांबूच्या मेखा ठोकून घेतल्या, त्यांच्या आत दगड, दगडांवर तांबडी माती, मातीवर गवताच्या पेंढ्या, पुन्हा माती. दोन्ही काठ रोज हात-दोन हात एकमेकांकडं सरकत होते. चार दिवसांत शेवंतीचा उजवा गुडघा गिअरचा दांडा लागून लागून काळानिळा पडला. तळहातांना फोड आले, फुटले, त्यांवर तिनं हळद भरली. कानांत घरी आल्यावरही ठोक ठोक चालू राहायचं, भात कालवताना सुद्धा. पाऊस आला तर राघोच्या डोक्यावर छत्री असायची आणि तिच्या डोक्यावर काहीच नाही.

पण एक गोष्ट झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती टेकडीपाशी पोचली तर हंसा घमेलं घेऊन आधीच उभी, आणि तिच्याबरोबर सहा बायका.

"काय गो, आज हसायला लांब आयलीस?" शेवंती वरूनच म्हणाली.

"हसले ते चुकला माजा," हंसा म्हणाली. "माजा नवरा बोलतो, बांदाचं काय खरं न्हाय. मी बोलले, शेवंती गारी हाकते आनि आपून घरात टीवी बघायचा? भर गो बायांनो."

बायका आल्या तशी दुसऱ्या दिवसापासून त्यांचे नवरेही यायला लागले, जरा लाजत, जरा इकडं तिकडं बघत. अकराची तेवीस माणसं झाली, मग तीस झाली. ट्रॉली भरायला अर्धा तास लागायचा तो दहा मिनिटांवर आला. दोन दिवसांची सुट्टी टाकलेला निकेत पाचव्या दिवशीही कमरेएवढ्या गाळात उभा राहून मेखा ठोकत होता.

शेवटचा दिवस शुक्रवार. पुनव मंगळवारी. भरती दिवसागणिक वाढायला लागली होती. दोन काठांच्या मधे आता तीन हातांची फट उरली होती, आणि सगळ्यात कठीण काम तेच. चौदा हातांतून संथ जाणारं पाणी त्या तीन हातांतून सुसाट सुटत होतं. टाकलेली माती ठरत नव्हती. बाबाजी म्हणाले, "तीनला ओहोटी खपंल. पानी हुभा राहील ते अर्धा तास. त्या अर्ध्या तासात लागोपाठ तीन खेपा पडल्या तर तोंड बंद व्हयल. न्हाय पडल्या तर रातच्या भरतीला सगला वाहून जायल."

गोण्यांत माती भरून दोन खेपांचा साठा त्यांनी रुंद जागेवर आधीच करून ठेवला. उरलेली एक खेप टेकडीवरून भरून आणायची, दगडांची; ती आधी टाकायची. शेवंतीनं ती भरून घेतली आणि अडीचला बांधावर चढली. अर्ध्या वाटेत ठोक्याचा आवाज बदलला. ठोक ठोकच्या मधे एक ठोका चुकला. मग दुसरा. मग इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

बांधाच्या मधोमध. बटण दाबलं तर फिरतं आहे, पेट घेत नाही. पुढून तीस माणसं बघत होती. पलीकडं बाबाजींनी हात वर करून ओरडून विचारलं, काय झालं?

"एअर घेटला!" राघो ट्रॉलीतून ओरडला. "डिझेलच्या पंपाचा एअर काढाया लागंल. पाना घे, सीटच्या खालती हाय. पंपाच्या बाजूचा बोल्ट ढिला कर. न्हाय, तू ऱ्हा, मना उतरवा! अरे निकेत, मना उतरव खाली!"

ठोक्या असा मधेच बंद पडायची खोड सव्वीस वर्षांची. दर वेळी राघो खाली उतरायचा, पंपाशी बसायचा, बोल्ट ढिले करून फेसाळ डिझेल बाहेर काढायचा, अर्धा तास घामाघूम व्हायचा. आणि बसल्या बसल्या शेवंतीला सांगायचा, "टाकीत डिझेल किती हाय बग गो." ती मडगार्डवरून हात लांबवून टाकीचं झाकण फिरवायची. फिरवलं की आतून हलकासा आवाज यायचा, कुणी दाबून धरलेला श्वास सोडावा तसा. ती डिझेल बघून झाकण परत लावायची. मग गाडी चालू व्हायची आणि राघो फडक्यानं हात पुसत म्हणायचा, "बगितलास? हात लागाया लागतो."

पहिल्या दोन-चार वर्षांतच तिच्या ध्यानात आलं होतं. झाकणाला सुईएवढं भोक होतं, हवा आत जायला. ते धुळीनं बुजायचं. टाकी खाली होत जायची आणि आत हवा जायला वाट नाही, मग डिझेल पुढं सरकायचं कसं? एकदा राघो पंपाशी बसायच्या आधीच तिनं झाकण उघडलं होतं आणि गाडी नुसत्या बटणावर चालू झाली होती. तेव्हा राघोचा चेहरा असा काही पडला, की पुढं तिनं कधी ते केलं नाही. तो उतरून पाने काढीपर्यंत ती थांबायची. असू दे, एवढं एक त्याचं.

आज थांबायला वेळ नव्हता.

ती सीटवर उभी राहिली, वाकून टाकीचं झाकण फिरवलं. फस्स. झाकण नुसतं टेकवून ठेवलं, घट्ट केलं नाही. बसली. बटण दाबलं. दोन गरके, काळा धूर, ठोक ठोक, ठोक ठोक.

राघो खुर्चीत अर्धा उठलेला, तसाच राहिला. तिनं मागं वळून पाहिलं नाही. गुडघा दांड्याला लावला आणि गाडी पुढं काढली.

रुंद जागेवर तिनं एका दमात गाडी वळवली आणि मागं घेतली. पहिल्या दिवशी पाव तास लागलेली ती चाळीस पावलं तिनं आता एका अंगानं मागं बघत, एक हात स्टेअरिंगवर ठेवून काढली. पाणी उभं राहिलं होतं. फटीत फेस थांबला होता. बाबाजी ओरडले, "वता!" दगड कोसळले. ती पुढं गेली, गोण्या ट्रॉलीत फेकल्या गेल्या, ती मागं आली. गोण्या पडल्या, त्यांवर निकेत आणि दोघं पायांनी नाचले. ती पुढं गेली, मागं आली. तिसरी खेप पडली तेव्हा खाडीचं पाणी फिरलं होतं. ते गोण्यांपर्यंत आलं, त्यांना लागलं, आणि तिथंच राहिलं. भाताच्या बाजूला एक थेंब आला नाही.

कुणीतरी ट्रॉलीच्या फळीवर फावडं आपटलं. मग सगळ्यांनीच आपटायला सुरुवात केली. बाबाजी गाळानं माखलेले, ठोक्याच्या चाकाला धरून उभे होते, त्यांना धाप लागली होती.

"किती खेपा झाल्या गो?" त्यांनी विचारलं.

"चालीस," शेवंती म्हणाली.

"माज्या बापानं ज्या साली बांद बांदला त्या साली दोनशे मान्सं व्हती," बाबाजी म्हणाले. "तो बगायला पायजे व्हता आज."

घरी येताना राघो ट्रॉलीत बसून टाकीच्या झाकणाकडं बघत होता. ओट्यावर बसवल्यावर, निकेत आंघोळीला गेल्यावर, त्यानं हळूच विचारलं, "कवापासून?"

"काय कवापासून?"

"झाकन."

शेवंती पायांचा गाळ तांब्यानं धूत होती. खोटं बोलावं असं एकदा वाटलं. "पहिल्यापासून," ती म्हणाली.

"सव्वीस वर्सं मी त्या पंपाला पाने लावतो."

"पंप सोच्छ राह्यला ना त्यानं."

राघो तिच्याकडं बघत राहिला. मग त्याच्या खांद्यांपासून हसू सुरू झालं, ते पोटात उतरलं, प्लास्टरमधला पाय हलायला लागला आणि त्याला कळ आली तरी तो हसत राहिला. शेवंतीही ओल्या पायांनी पायरीवर बसली आणि डोळ्यांत पाणी येईस्तो हसली. निकेत साबण लावलेलं डोकं बाहेर काढून विचारत होता, काय झालं, काय झालं.

मंगळवारी दुपारी नारळ वाहून झाल्यावर अख्खा गाव बांधावर आला. ज्यांनी जमिनी विकायचं ठरवलं होतं तेही आले. राघोला खुर्चीवर आणलं होतं. पाणी चढत चढत नव्या तांबड्या मातीच्या ओठापर्यंत आलं. लाट आली की वरून शिंतोडे भातावर पडत होते. अर्धा तास पाणी तिथं उभं राहिलं. मग ते बोटभर उतरलं. मग वीतभर. हंसानं शेवंतीचा हात धरला होता, तो तिनं तेव्हा सोडला.

गर्दीतल्या कुणा पाहुण्यानं राघोला म्हटलं, "काका, गाडी म्हातारी पण कामाची आहे हां तुमची."

"गारी काय, लोखंड हाय," राघो म्हणाला. त्यानं आवाज चढवला, आजूबाजूच्या दहा-वीस माणसांना ऐकू जाईल इतका. "मोठा ड्रायवर आयला व्हता भायंदरचा, गटारात घालून गेला. हाकली ती आमच्या मंडलीनं. मी निसता पाठी बसून छत्री धरली."

शेवंती दुसरीकडं बघत होती. पण मान तिची ताठ झाली होती आणि पाठ, लावणीपासून पहिल्यांदाच, अगदी सरळ.

आठ दिवसांनी शेजारच्या राई गावचा एक माणूस सायकलवर आला. त्यांच्याकडच्या बांधालाही चीर गेली होती, दगड टाकायचे होते. ओट्यासमोर सायकल लावून त्यानं राघोला नमस्कार केला.

"गारीसाठी आयलोय, राघोदादा. तुमचा पाय तर असा. ड्रायवर कोन हाय म्हनतात, त्याला जरा बोलवा ना. त्याच्याशीच बोलतो."

राघोनं मिशीवरून हात फिरवला. सावकाश, चांगला वेळ घेऊन. मग घराकडं तोंड करून त्यानं हाक मारली, "शेवंते! अगो, ड्रायवरला इचारतान!"

शेवंती मागच्या दारातून आली. हातात विळा, पदरावर चिखल. राईचा माणूस तिच्याकडं बघून मग राघोकडं बघायला लागला. राघो आंब्याकडं बघत होता.

"किती खेपा हायत?" शेवंतीनं विचारलं.

"असतील धा-बारा," तो माणूस चाचरत म्हणाला. "उद्याच्याला आयलात तर बरा व्हयल, वैनी."

"उद्या न्हाय," शेवंती म्हणाली. "उद्या माज्या भातातला गवत बेनायचा हाय. परवा सकाली आठला येन. मातीला मान्सं तयार ठेवा, मना थांबायला वेल नसतो."

आणि ती विळा घेऊन शेताच्या वाटेला लागली.